फिरत्या घराचा स्थिर खर्च

अमेरिकी मध्यमवर्गाच्या उन्हाळी सुटीच्या स्वप्नात ‘आरव्ही’ला, अर्थात रिक्रिएशनल व्हेइकलला, मानाचे स्थान आहे. झोपायला पलंग, स्वयंपाकाला शेगडी, कोपऱ्यात फ्रीज आणि एक चिमुकले स्नानगृह असे हे चाकांवरचे घर. स्वतःच्या इंजिनावर धावणारे ते मोटारहोम आणि पिकअप ट्रकमागे जोडून ओढले जाणारे ते ट्रेलर. हॉटेलचे भाडे नाही, विमानाचे तिकीट नाही, बाहेरच्या जेवणाचा खर्च नाही. त्यामुळे कुटुंबासाठी याहून स्वस्त सुटी नाही, असे हा उद्योग गेली अनेक वर्षे सांगत आला आहे. त्यासाठी सीबीआरई या सल्लागार संस्थेकडून करून घेतलेल्या तुलनात्मक अभ्यासाचा दाखलाही दिला जातो. चौघांच्या कुटुंबाची बचत साठ टक्क्यांच्या घरात जाऊ शकते, असे त्यात म्हटले आहे.

हा दावा सर्वस्वी खोटा नाही. मात्र तो कोणाच्या बाबतीत खरा आणि कोणाच्या बाबतीत फसवा, हे तपासल्याखेरीज त्याचा अर्थ लागत नाही. या सुटीची चर्चा निघाली की सर्वांचे लक्ष प्रथम इंधनाकडे जाते. ते साहजिकही आहे, कारण मोठे मोटारहोम एका गॅलनमध्ये, म्हणजे पावणेचार लिटरहून किंचित अधिक इंधनात, जेमतेम आठ-दहा मैल चालते. तथापि खरा हिशेब पंपावर होत नाही. तो होतो बँकेत आणि दिनदर्शिकेवर.

उदाहरणादाखल दहा दिवसांची, दीड हजार मैलांची सहल घेऊ. मोटारहोमचे भाडे दिवसाला २०० डॉलर, मैलामागे वेगळा आकार ४० सेंट, गॅलनला साडेतीन डॉलर दराने दीडशे गॅलन इंधन आणि नऊ रात्रींचे कॅम्पग्राऊंड प्रत्येकी ५० डॉलर धरले, तर बेरीज ३,५७५ डॉलर होते. चौघांच्या घरगुती स्वयंपाकाचे ५०० डॉलर मिळवले की ४,०७५. हेच चौघे स्वतःच्या मोटारीने गेले, १८० डॉलरच्या एका खोलीत राहिले आणि दिवसाला १२० डॉलर खर्चून बाहेर जेवले, तर सारा खर्च तीन हजारांच्या आत बसतो. म्हणजे चौघांना भाड्याची आरव्ही सुमारे हजार डॉलरनी महागच पडते.

पण प्रवासी सहा झाले की गणित उलटते. हॉटेलात दोन खोल्या लागतात, जेवणाचे बिल दीडपट होते आणि मोटारीची सहल सव्वापाच हजारांवर जाते. आरव्हीचा खर्च मात्र फक्त किराण्यापुरता वाढून ४,३२५ वर थांबतो. यात इंधन गॅलनमागे एका डॉलरने महागले, तरी आरव्हीवर १५० डॉलरचाच बोजा वाढतो. निकाल ठरतो तो माणसांच्या संख्येवर.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांना हे वेगळे सांगायला नको. पुण्या-मुंबईहून आई-वडील उन्हाळ्यात तिकडे गेले की घरातली माणसे चाराची सहा होतात. त्यात पथ्यपाणी, वेळच्या वेळी औषधे, शाकाहार आणि सकाळचा चहा आपल्या हातचाच हवा, या गरजा येतात. यलोस्टोनसारख्या विस्तीर्ण राष्ट्रीय उद्यानात वरणभाताचा कुकर लावता येणे ही अशा कुटुंबांसाठी चैन नव्हे, सोय आहे. मोठे कुटुंब, थोडे दिवस आणि भाड्याचे वाहन हा मेळ जमला, तर आरव्ही खरोखर परवडते.

अडचण सुरू होते ती वाहन विकत घेण्यापासून. एक लाख डॉलरचे मोटारहोम घेताना २० हजार रोख भरले आणि उरलेल्या ८० हजारांसाठी आठ टक्के व्याजाने पंधरा वर्षांचे कर्ज काढले, तर मासिक हप्ता साधारण ७६५ डॉलर बसतो. वर्षाला झाले सुमारे ९,२०० डॉलर. विमा, देखभाल आणि घरासमोर उभे करण्यास मनाई असल्यास जागेचे भाडे मिळून आणखी तीन हजार धरले, की वर्षाला बारा हजारांहून अधिक खर्च चाक न फिरताच होतो. उद्योगाच्याच पाहण्या सांगतात, की सर्वसाधारण मालक हे वाहन वर्षातून वीस ते तीस दिवस वापरतो. पंचवीस दिवस धरले तरी दिवसाला ४८० डॉलरहून अधिक पडतात, आणि त्यात इंधन नाही की कॅम्पग्राऊंड नाही. एवढ्या रकमेत बऱ्यापैकी हॉटेलच्या दोन खोल्या सहज मिळतात. हेच वाहन निवृत्त दाम्पत्याने वर्षाचे १२० दिवस वापरले, तर तोच आकडा शंभराच्या आसपास उतरतो. वाहन तेच, कर्ज तेच. बदलतात ते केवळ दिवस. वर्षाला दोन-तीन आठवड्यांची रजाही मुश्किलीने मिळवणाऱ्या नोकरदाराला हे दिवस कुठून आणायचे, याचे उत्तर विक्रेत्याकडे नसते.

शिवाय घर आणि फिरते घर यांत एक मूलभूत भेद आहे. जमिनीवरच्या घराची किंमत कालांतराने वाढण्याची आशा असते. आरव्हीची किंमत विक्रेत्याच्या आवारातून बाहेर पडताच उतरू लागते. कर्ज दीर्घ मुदतीचे आणि घसारा वेगवान, अशा स्थितीत अनेक वर्षे कर्जाची बाकी वाहनाच्या बाजारभावापेक्षा जास्त राहू शकते. नोकरी गेली वा आजारपण आले आणि वाहन विकायची वेळ आली, तर ते विकूनही पदरचे पैसे भरावे लागतात. झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असलेली आरव्ही अमेरिकी करकायद्यानुसार दुसरे घर ठरू शकते आणि तिच्या तारण कर्जावरील व्याजाची वजावटही मिळू शकते. परंतु २०१७ च्या करसुधारणेने प्रमाणित वजावट जवळपास दुप्पट केल्यावर बहुसंख्य मध्यमवर्गीयांना अशी स्वतंत्र वजावट घेण्यात लाभ उरला नाही.

या उद्योगाचे भवितव्य कर्जाच्या दोरीला कसे बांधलेले आहे, हे इंडियाना राज्यातील एल्कहार्टने दोनदा अनुभवले. अमेरिकेतील बहुतांश आरव्ही याच परिसरात तयार होतात. २००६ मध्ये देशभरातील कारखान्यांतून सुमारे ३ लाख ९० हजार वाहने बाहेर पडली होती. २००९ मध्ये हा आकडा १ लाख ६५ हजारांच्या आसपास आला. २००८ च्या उन्हाळ्यात पेट्रोल चार डॉलरवर गेले होते हे खरे. पण वर्षअखेर ते निम्म्याहून खाली आले, तरीही विक्री सावरली नाही, कारण पतपुरवठाच आटला होता. फ्लीटवूड आणि मोनॅको कोच या बड्या कंपन्यांनी मार्च २००९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. एल्कहार्टमधील बेरोजगारी १५ टक्क्यांपलीकडे गेली आणि नवनिर्वाचित अध्यक्ष बराक ओबामा सूत्रे हाती घेतल्यावर अवघ्या तीन आठवड्यांत तेथे पोहोचले. करोनाकाळात चित्र पालटले. विमान आणि हॉटेल दोन्ही नकोसे झाले, व्याजदर शून्याजवळ होते, आणि २०२१ मध्ये सहा लाखांचा विक्रम झाला. पुढे फेडरल रिझर्व्हने जुलै २०२३ पर्यंत दर सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेले आणि त्या वर्षीचे उत्पादन ३ लाख १३ हजारांवर घसरले. तेजीच्या भरात चढ्या भावाने वाहन घेतलेल्यांचे हप्ते मात्र थांबले नाहीत.

या वाहनाची आणखी एक बाजू आहे. जेसिका ब्रुडर यांच्या २०१७ च्या ‘नोमॅडलँड’ या पुस्तकाने आणि त्यावरील ऑस्करविजेत्या चित्रपटाने ती जगासमोर आणली. घर परवडत नाही म्हणून व्हॅन वा जुन्या आरव्हीत राहून गावोगाव हंगामी कामे करणारी वृद्ध माणसे त्यात दिसतात. एकाला जे सुटीसाठी परवडत नाही, तेच दुसऱ्याला डोक्यावर छप्पर म्हणून परवडवून घ्यावे लागते.

आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. त्याच वर्षी केरळनेही तशी योजना जाहीर केली. अमेरिकेच्या अनुभवातून येथे घेण्याजोगा धडा साधा आहे. वाहने विकली जाण्याआधी ती उभी करण्याची सुरक्षित जागा, पाणी, वीज आणि सांडपाण्याचा निचरा यांची व्यवस्था हवी. आणि ग्राहकाने मालकीच्या मोहात न पडता आधी भाड्याने प्रवास करून पाहावा. कोकणात आजी-आजोबांसह आठ दिवस हिंडण्यासाठी ही कल्पना उत्तमच आहे. पंधरा वर्षांच्या हप्त्यांवर ती विकत घेण्याआधी मात्र वर्षातले किती दिवस आपल्या हाती आहेत, ते प्रत्येकाने प्रामाणिकपणे मोजावेत.