हातात एक्का आहे? मग १७ वर थांबू नका!

मागच्या लेखात आपण ब्लॅकजॅकमधले साधे हात पाहिले. आज वळूया अशा हाताकडे, जिथे नवखे खेळाडू सर्वांत जास्त चुकतात. मीही चुकले होते, म्हणून सुरुवात माझ्यापासूनच करते.

दोन वर्षांपूर्वी मी, माझा मामेभाऊ आणि वहिनी गोव्याला गेलो होतो. पणजीला मांडवी नदीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या जहाजांपैकी एकावर आम्ही गेलो. खर्चायचे म्हणून ३,००० रुपये वेगळे काढले होते. आयुष्यभर बदाम सात आणि मेंढीकोट खेळलेली मी पहिल्यांदाच ब्लॅकजॅकच्या टेबलावर बसले.

हातात आले इस्पीक एक्का आणि बदाम छक्की. डीलरसमोर होती नव्वी. मी मनात म्हटलं, "१७ झाले की! २१ च्या जवळच आहोत, उगाच जोखीम कशाला?" आणि थांबले. डीलरने पुढचा पत्ता उघडला, राणी. त्याचे १९. माझ्या चिप्स गेल्या.

दादा कानाशी पुटपुटला, "अगं, एक्का हातात असताना कोणी १७ वर थांबतं का? फुकटचा पत्ता सोडलास तू!"

तेव्हा मला ते कळलं नाही. घरी येऊन पत्ते घेऊन बसले, तेव्हा कळलं.

सॉफ्ट हँड म्हणजे काय?

ब्लॅकजॅकमध्ये एक्क्याची किंमत ११ किंवा १, जी सोयीची असेल ती. एक्का ११ धरूनही बेरीज २१ च्या आत राहत असेल, तर तो सॉफ्ट हँड. एक्का आणि छक्की म्हणजे सॉफ्ट १७. दश्शी आणि सत्ती म्हणजे हार्ड १७.

बेरीज तीच, पण फरक मोठा. हार्ड १७ वर पत्ता घेतला आणि पंजी आली, तर २२ होऊन तुम्ही बाद. सॉफ्ट १७ वर पंजी आली तर एक्का ११ चा १ होतो आणि तुमचे होतात १२. म्हणजे सॉफ्ट हँडवर एक पत्ता घेऊन तुम्ही कधीच बाद होऊ शकत नाही.

१७ फसवे का असतात?

डीलरला १७ होईपर्यंत पत्ते घ्यावेच लागतात. म्हणजे तो बाद झाला नाही, तर त्याचे किमान १७ असणारच. मग तुमचे १७ जिंकणार कधी? फक्त डीलर बाद झाला तर. नाहीतर फार तर बरोबरी, किंवा हार.

आता पत्ता घेतल्यावर काय होतं ते पाहा. एका रंगात १३ पत्ते. एक्का, दुर्री, तिर्री किंवा चौकी आली तर १८ ते २१ होतात, म्हणजे हात सुधारतो. दश्शी, गुलाम, राणी किंवा राजा आला तर १७ चे १७ च राहतात. म्हणजे १३ पैकी ८ पत्त्यांनी काहीच बिघडत नाही. उरलेल्या ५ पत्त्यांनी बेरीज १२ ते १६ वर येते, पण तरीही तुम्ही खेळात असता आणि पुढचा पत्ता मागू शकता.

म्हणूनच नियम सोपा आहे: सॉफ्ट १७ वर कधीही थांबायचं नाही.

लक्षात ठेवायचे नियम

डबल म्हणजे पैज दुप्पट करून फक्त एकच पत्ता घेणं. डीलर प्रत्येक १७ वर थांबतो असं धरून हे नियम आहेत.

• एक्का + दुर्री किंवा तिर्री: डीलरची पंजी-छक्की असेल तर डबल. नाहीतर पत्ता घ्या.

• एक्का + चौकी किंवा पंजी: डीलरचे ४ ते ६ असतील तर डबल. नाहीतर पत्ता घ्या.

• एक्का + छक्की: डीलरचे ३ ते ६ असतील तर डबल. नाहीतर पत्ता घ्या.

• एक्का + सत्ती: ३ ते ६ समोर डबल. २, ७, ८ समोर थांबा. ९, १० किंवा एक्क्यासमोर पत्ता घ्या.

• एक्का + अठ्ठी किंवा नव्वी: गुपचूप थांबा.

डबल नेमकं पंजी-छक्कीसमोरच का? कारण हे डीलरचे सर्वांत कमजोर पत्ते. त्यावर तो साधारण ४२ टक्के वेळा बाद होतो. तो अडचणीत असतानाच पैज वाढवायची.

सगळ्यांना खटकतो तो एक्का-सत्तीचा नियम. "१८ असताना पत्ता घ्यायचा?" हो. समोर ९ किंवा १० असेल, तर थांबूनही तोटा आहे आणि पत्ता घेऊनही. पण पत्ता घेतल्यावर तो तोटा कमी होतो.

आणखी एक गोष्ट. डबल फक्त पहिल्या दोन पत्त्यांवर करता येतं. तीन पत्त्यांत सॉफ्ट १८ झाले आणि नियम डबल म्हणत असेल, तर थांबा. सॉफ्ट १७ किंवा कमी असतील, तर पत्ता घ्या.

हे कोणी शोधलं?

अमेरिकेत मेरीलँडमधल्या अॅबरडीन इथल्या लष्करी केंद्रातल्या चौघांनी. बाल्डविन, कँटी, मायझेल आणि मॅकडरमॉट यांनी साध्या गणनयंत्रांवर आकडेमोड करून १९५६ मध्ये ही पद्धत एका संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापली. पुढे एडवर्ड थॉर्प यांनी संगणकावर ती आणखी बारकाईने तपासली आणि १९६२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं.

घरी सराव कसा करायचा?

एक एक्का समोर ठेवा. उरलेल्या गड्डीतून त्याच्या शेजारी एक पत्ता आणि डीलरसाठी एक पत्ता उघडा. तीन सेकंदांत उत्तर द्या: पत्ता, थांबा की डबल? आमच्याकडे दिवाळीत हा खेळ चिंचोके लावून होतो. माझ्या आईला आता हे नियम माझ्यापेक्षा पक्के येतात!

आणि शेवटी, खरं सांगायचं तर…

हे सगळे नियम पाळले तरी चांगल्या नियमांच्या टेबलावर कॅसिनो साधारण अर्धा टक्का पुढे असतोच. ५०० रुपयांचे १०० डाव खेळलात, तर ५०,००० रुपये टेबलावर फिरतात आणि सरासरी २५० रुपये जातात. एखाद्या दिवशी त्याहून कितीतरी जास्तही जाऊ शकतात. बरोबर खेळल्याने तोटा कमी होतो, कमाई सुरू होत नाही.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ मध्ये मंजूर केला आहे. त्यामुळे मोबाइलवर "रोज कमवा" म्हणणाऱ्या लिंकपासून लांबच राहा.

त्या रात्री माझे ३,००० रुपये तासाभरात संपले. दादा म्हणाला, "अजून थोडे देऊ का?" मी नको म्हटलं. १७ वर थांबणं चूक होती, पण तिथे थांबले ते अगदी बरोबर होतं.