'सर्व लसी पूर्ण' म्हणजे नेमके काय?

'चाळीस दिवसांचे लॅब्रॅडॉरचे पिल्लू, सर्व लसी पूर्ण.' मोबाइलवर अशी जाहिरात दिसते, मुले हट्ट धरतात आणि रविवारपर्यंत पिल्लू घरी येते. खरे तर त्या एका ओळीतच विक्रेत्याची पारख होते. कुत्र्याला रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांचे वय झाल्यावर देतात. पार्व्हो, डिस्टेंपरच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि त्यांचे पुढचे डोस सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. चाळीस दिवसांत हे सारे उरकलेच कसे?

हा प्रश्न फक्त प्राणिप्रेमींचा नाही. कुत्रा चावल्यावर सरकारी रुग्णालयात येणाऱ्यांच्या तोंडी 'घरचेच पिल्लू आहे, लस झालीय' हे वाक्य नेहमीचे. पिल्लाचे दात सुईसारखे असतात. जखम लहान दिसते, पण दात आत रुततो. रेबीज पिल्लांनाही होतो आणि माणसात लक्षणे सुरू झाल्यावर त्यावर इलाज उरत नाही. पिल्लाची आई कोण, ती कुठे राहते, तिला लस होती का, हे मालकालाच ठाऊक नसेल, तर नुसत्या शिक्क्याच्या कार्डावर डॉक्टरांनी विसंबायचे कसे? जंतांचेही तसेच. गोलकृमी आईच्या पोटातूनच पिल्लात उतरतात. त्यांची अंडी मातीतून लहान मुलांच्या पोटात गेली, तर क्वचित डोळ्यालाही इजा होते. म्हणून पिल्लाला जंताचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून द्यावे लागते, आणि ते काम पैदास करणाऱ्याचे आहे.

तेव्हा पिल्लू पाहण्याआधी त्याची आई पाहावी. ती कुठे ठेवली आहे, अंगाने कशी आहे, माणसांना बुजते का, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. 'गाडीने घरपोच पाठवतो' म्हणणाऱ्याला सरळ नकार द्यावा. वंशावळीचा कागद दाखवला जातो, त्याने जात कळते, तब्येत नव्हे. लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्ड घेताना आईवडिलांच्या खुब्याचा एक्स-रे मागावा. चांगला ब्रीडर त्याने चिडत नाही. उलट तोच तुमच्या घरी दिवसभर कोण असते, हे विचारतो.

केंद्राच्या २०१७ च्या नियमांनुसार ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. मादीला वर्षात एकदाच आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेळा व्यायला लावायचे नाही, असेही त्यात आहे. नोंदणीचे प्रमाणपत्र मागणारे गिऱ्हाईक मात्र विरळाच! जातिवंतच हवे असा आग्रह नसेल, तर देशी पिल्लू दत्तक घेणे केव्हाही बरे. लसींचे वेळापत्रक त्यालाही तेच.

पिल्लू कुठूनही आणलेले असो, त्याचा दात लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि लशीचे कार्ड असेल तर सोबत न्यावे.