एक डबा, तीन नावं

माझं माहेर मराठी, सासर कन्नड. त्यामुळे आमच्या फडताळातल्या प्रत्येक डब्याला दोन नावं. मी कारळे म्हणते, सासूबाई गुरेळ्ळू म्हणतात. तिथं अडत नाही. पण त्या ‘करीजीरगी’ म्हणाल्या की मी बुचकळ्यात पडते. शहाजिरे, कडूजिरे की कलौंजी?

गेल्या पावसाळ्यात हा घोळ अंगाशी आला. सासूबाईंना मधुमेह आहे. शेजारच्या खालांनी त्यांना रोज चिमूटभर करीजीरगी घ्यायला सांगितलं. खालांच्या घरी या दाण्याला मोठा मान. मृत्यू सोडला तर प्रत्येक आजारावर काळ्या दाण्यात गुण आहे, असं पैगंबरांचं वचन बुखारींच्या हदीससंग्रहात आहे.

मी बाजारातून ‘काळं जिरं’ आणलं. सासूबाईंनी तोंड वाकडं करत पंधरा दिवस घेतलं, आणि कुणाला न सांगता डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या! तपासणीत उपाशीपोटीची साखर 260 निघाली. डॉक्टर आम्हा दोघींवर रागावले. मी मात्र मनातून खालांवर रागावले, त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

शेवटी त्याच विचारपूस करायला आल्या. पुडी हातात घेऊन म्हणाल्या, “ये कलौंजी नहीं, कडूजिरा है!” गोळ्यांचं ऐकल्यावर तर त्यांनी कपाळाला हात लावला. “गोली छोडनेको मैं कब बोली? मैं खुद बीपी की गोली लेती हूँ. बीमार पडे तो इलाज करो, ये भी तो हुक्म है.” खरंच, आजारावर उपचार करून घ्या, असं सांगणारं वचनही हदीसमध्ये आहे. मला माझीच लाज वाटली.

युनानी वैद्यकात कलौंजी खोकला, दमा, पोटातला वारा यांवर देतात. अकराव्या शतकातल्या इब्न सिना या हकिमांच्या ‘कानून’ ग्रंथातही तिची नोंद आहे. तिच्या तेलातल्या थायमोक्विनोन या घटकावर आज संशोधन चालू आहे. काही छोट्या अभ्यासांत रक्तातली साखर थोडी उतरलेली दिसली. पण ती गोळीची जागा घेऊ शकत नाही. उलट गोळीबरोबर जास्त घेतली तर साखर एकदम उतरू शकते. म्हणून मधुमेहींनी डॉक्टरांना विचारावं. गरोदर बायकांनी औषध म्हणून घेऊच नये. लोणच्यात, नानवर घालतो तेवढी चालते.

ओळखायची कशी? कलौंजीचा दाणा काळाभोर, बिनचकाकीचा, कोनदार. चुरडला की ओव्याच्या वळणाचा वास. कारळे लांबट, चकचकीत. शहाजिरे बारीक, तपकिरी, जिऱ्यासारखं वाकडं. कडूजिरे जिभेवर ठेवताच कळतं! कांद्याचं बी दिसायला अगदी कलौंजीसारखं, पण ते वेगळं.

आता आमच्या डब्यावर कन्नड, मराठी आणि खालांच्या हातची उर्दू, अशा तीन चिठ्ठ्या आहेत. शेजारीच सासूबाईंच्या गोळ्यांची डबी. रोज सकाळी खाला खिडकीतून आधी तिचीच चौकशी करतात, “अम्मा, गोली ली क्या?”