झाड कापणारा दोषी की कापायला सांगणारा? कायदा काय म्हणतो, समजून घ्या

पावसाळा तोंडावर आला की सोसायट्यांच्या ग्रुपवर हा मेसेज हमखास येतो : 'झाड कापणाऱ्याचा नंबर आहे का कुणाकडे?' नंबर मिळतो, सुट्टीच्या दिवशी तिघे-चौघे दोर आणि करवत घेऊन येतात आणि दुपारपर्यंत झाडाचा बुंधा तेवढा उरतो. शेजाऱ्याने तक्रार केली की सेक्रेटरी म्हणतात, 'आम्ही फक्त छाटायला सांगितलं होतं.' कामगार म्हणतो, 'सांगितलं तेवढंच केलं.' मग गुन्हेगार कोण?

दोघेही

महाराष्ट्रातील शहरांना 1975 चा झाडांचे संरक्षण व जतन कायदा लागू आहे. झाड तुमच्या आवारात असले, तुम्हीच लावलेले असले, तरी तोडण्याआधी परवानगी लागते. परवानगीविना झाड तोडणारा आणि तोडवून घेणारा, दोघेही या कायद्याच्या कक्षेत येतात. दंडासोबत तुरुंगवासाचीही तरतूद आहे. प्रत्येक झाड हा स्वतंत्र गुन्हा, म्हणजे तीन झाडे तोडली तर तीन गुन्हे.

'आम्ही फक्त छाटलं'

ही पळवाट नाही. झाड जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे त्याला इजा करणे, हे सगळे कायद्याच्या व्याख्येत 'तोडणे'च आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना 'प्राचीन वृक्ष' म्हणून वेगळे संरक्षण मिळाले. झाडाचे वय कामगाराला बुंध्यावरून नेमके कळत नाही. कागद पाहणे म्हणूनच गरजेचे.

'मला माहीत नव्हतं' चालेल का?

इथे भारतीय न्याय संहितेतील एक फरक महत्त्वाचा आहे. वस्तुस्थितीबद्दलची चूक माफ होऊ शकते, कायद्याबद्दलची नाही. मालकाने बनावट परवानगी दाखवली आणि कामगाराने ती नीट वाचून, खरी समजून काम केले, तर त्याला बचाव मांडता येतो. मात्र 'परवानगी लागते हेच ठाऊक नव्हतं' हा बचाव होत नाही. कागद मागितलाच नसेल, तर 'मी सद्भावनेने काम केलं' हेही पटवणे अवघड. कारण कायद्याच्या भाषेत सद्भावना म्हणजे योग्य ती काळजी घेणे.

कागदावर समान, प्रत्यक्षात?

माझा आक्षेप इथे आहे. जबाबदारी दोघांची असली तरी जागेवर सापडतो तो करवत हातात असलेला माणूस. काम सांगितले जाते फोनवर, मजुरी मिळते रोख. त्याच्याकडे पुरावा काहीच नसतो. दिवसाच्या मजुरीवर जगणाऱ्याला कोर्टाच्या तारखा शिक्षेआधीच शिक्षा ठरतात.

कोर्टाने मनावर घेतले तर जबाबदारी वरपर्यंत पोहोचते. मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मथुरा-वृंदावन परिसरातील 454 झाडांच्या बेकायदा तोडीबद्दल जमीनमालकाला झाडामागे 1 लाख रुपये दंड कायम केला. मात्र सोसायटीतल्या एका झाडाचे प्रकरण क्वचितच तिथवर जाते.

उपाय अवघड नाही

कारखान्यात उंचीवरच्या कामाआधी 'वर्क परमिट' दाखवावे लागते, नाहीतर काम सुरूच होत नाही. झाडांसाठीही तसेच हवे. महापालिकेने परवानगीवर झाडांची संख्या, जात, तोडणी की छाटणी, मुदत आणि ठेकेदाराचे नाव सोप्या मराठीत आणि हिंदीत लिहावे. परवानगी मिळालेल्या झाडावर रंगाने क्रमांक टाकावा. क्रमांक नाही, तर करवत नाही. निरक्षर कामगारालाही हे कळेल.

तोपर्यंत ठेकेदारांनी एवढे करावे :

• परवानगीचा फोटो आधी मोबाइलवर मागवा. पत्ता, झाड आणि मुदत जुळते का, ते पाहा.
• काय कापायचे, ते मालकाकडून मेसेजवर लिहून घ्या.
• परवानगी छाटणीची असेल तर बुंध्याला हात लावू नका.
• 'कागद नंतर देतो' म्हणणाऱ्याचे काम सोडा.

आणि सोसायट्यांनो, परवानगी काढणे तुमचे काम आहे. ती न काढता एखाद्याला झाडावर चढवणे म्हणजे आपला गुन्हा त्याच्या हातून करवून घेणे.