आधी पाखडा, मग दळा

आमच्याकडे येणाऱ्या नेटवर्क आखणीवरच्या लेखांत एक तक्रार वारंवार दिसते: सॉल्व्हर रात्रभर चालवला, उत्तर आले नाही. मग जास्त मेमरीचे मशीन मागवले जाते, नाहीतर समस्याच एनपी-हार्ड आहे असे सांगून हात झटकले जातात. सॉल्व्हरच्या हाती देण्याआधी ग्राफमधले काय काढून टाकले, याचा उल्लेख मात्र क्वचितच असतो. बहुतेकदा काहीच काढलेले नसते.

स्टाइनर ट्री वाचकांना नवे नाही. काही नोड जोडलेच पाहिजेत, ती टर्मिनल. बाकीचे कामी आले तर घ्यायचे. एकूण खर्च किमान हवा. रिचर्ड कार्पच्या १९७२ च्या २१ एनपी-पूर्ण समस्यांच्या यादीत ही समस्या आहे. त्याच्या आदल्या वर्षी ड्रेफस आणि वॅग्नर यांनी अचूक उत्तराची रीत दिली, पण तिचे काम टर्मिनलांच्या संख्येबरोबर तिनाच्या घातांनी वाढते. २० टर्मिनलांसाठी ३ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ३५० कोटी. आता एक साधा नियम पाहा. एखाद्या टर्मिनलची सर्वांत स्वस्त कड दुसऱ्या टर्मिनललाच जात असेल, तर ती बिनदिक्कत घ्यावी आणि दोघांचे एक टर्मिनल करावे. असे पाच वेळा जमले, तर ३५० कोटींचे १ कोटी ४३ लाख होतात. २४३ पटींचा फरक! इतके वेगवान मशीन कोणत्याही खरेदी समितीकडून मंजूर होणार नाही.

एकाच कडेने लोंबकळणारा बिगर-टर्मिनल नोड काढणे, दोनच कडा असलेला बिगर-टर्मिनल नोड वितळवून त्यांची एक कड करणे, दोन समांतर कडांतली महाग टाकणे, हे सगळ्यांना ठाऊक असते आणि तरी अनेक जण करत नाहीत. त्यावर इथे जागा घालवत नाही. खरी गंमत ॲमस्टरडॅमच्या ड्यूइन आणि फॉल्गनंट यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या चाचणीत आहे.

समजा अ आणि ब या नोडांमधल्या कडेचा खर्च ७ आहे. अ पासून ट या टर्मिनलपर्यंत ५, ट पासून ब पर्यंत ५. ट वरून जाणारी वाट १० ची, म्हणून नेहमीची सर्वांत जवळच्या वाटेची कसोटी अ-ब कडेला हात लावणार नाही. पण ही कड इष्टतम ट्रीमध्ये आहे असे धरा आणि ती तोडा. ट्रीचे दोन तुकडे होतील, अ एकात, ब दुसऱ्यात. ट हे टर्मिनल असल्याने ते या दोहोंपैकी एकात असणारच. ते अ च्या बाजूला असेल तर ट-ब जोडा, ब च्या बाजूला असेल तर ट-अ जोडा. दोन्ही वेळा ७ च्या जागी ५ लागले, ट्री २ ने स्वस्त झाले. म्हणजे ती कड मुळात इष्टतम ट्रीमध्ये असूच शकत नव्हती. एकूण लांबी बघायची नाही. वाटेतल्या टर्मिनलांवर वाट तोडायची आणि सर्वांत मोठा तुकडा बघायचा, एवढेच सूत्र. शिकवायला दहा मिनिटे लागतात. अभ्यासक्रमांत ते का नाही, हे आम्हाला कोडेच आहे.

छाटणी सगळीकडे चालते असे नाही. हायपरक्यूबसारख्या अतिसममित ग्राफांवर या चाचण्या जवळजवळ निकामी ठरतात. काही चाचणी-संच तर मुद्दाम छाटणीला दाद न देणारे म्हणून बनवले आहेत. सिद्धांतही सावध करतो. डॉम, लोकश्तानोव्ह आणि चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेतील साकेत सौरभ यांनी २००९ मध्ये दाखवले, की टर्मिनलांची संख्या आणि उत्तराचा आकार लहान असला तरी ग्राफ हमखास लहान करून देणारी बहुपदी रीत, संगणनशास्त्रातले एक सर्वमान्य गृहीतक खोटे ठरल्याशिवाय, मिळणार नाही. थोडीशी चूक चालवून घेतली तर मिळते, हे २०१७ मध्ये पुढे आले. हमी नाही म्हणून प्रयत्नच सोडायचा, हा मात्र आळस. रस्ते आणि केबल यांचे ग्राफ हायपरक्यूब नसतात.

आम्हाला अधिक काळजी उलट्या टोकाची वाटते: चाचणी कुठे लागू आहे हे न बघता ती चालवण्याची. ग्रामपंचायतींना फायबरने जोडणाऱ्या भारतनेट योजनेचे उदाहरण घ्या. पहिल्या टप्प्यात आधीच टाकलेली फायबर वापरून ग्रामपंचायतीपर्यंत फक्त उरलेला तुकडा टाकायचा होता. अशा मांडणीत जुन्या फायबरचा खर्च शून्य धरून तिचे सलग जाळे एकाच नोडमध्ये गुंडाळता येते. ग्राफ पहिल्या पावलातच आटतो. पण अशा फायबर जोडणीच्या जीपॉन तंत्राचा पल्ला साधारण २० किलोमीटरचा. वरच्या उदाहरणात ७ ची कड टाकून आपण ब ला वळसा घालून जोडले. पैसे वाचले, अंतर वाढले असेल. पल्ल्याची अट असेल तर ती चाचणी वापरायची नाही. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये रिंग रचना आली, तिथे तर सर्वांत निरुपद्रवी नियमही घात करतो. दोन समांतर कडांतली महाग कड टाकली, तर टाकलेली कड हीच राखीव वाट असते. जेसीबीने एक केबल तोडली की उत्तर इष्टतम असल्याचे प्रमाणपत्र कुणी वाचणार नाही.

आणखी एक व्यवहारातली गोष्ट. गुंडाळलेल्या प्रत्येक कडेची नोंद ठेवा. छाटलेल्या ग्राफवरचे उत्तर मूळ नकाशावर परत नेता आले नाही, तर खोदकाम करणाऱ्या ठेकेदाराला त्याचा उपयोग शून्य. खर्च समान असलेल्या दोन कडांनी एकमेकींच्या भरवशावर स्वतःला बाद करू नये, म्हणून एक काढल्यावर दुसरी पुन्हा तपासा.

पुढील अंकापासून नेटवर्क आखणीवरच्या प्रत्येक लेखासोबत छाटणीआधीचे आणि नंतरचे नोड, कडा व टर्मिनल यांचे आकडे, वापरलेल्या चाचण्या, आणि त्या आपल्या अटींखाली का ग्राह्य आहेत याचे दोन-चार ओळींचे कारण द्यावे, अशी लेखकांना विनंती आहे. हा तपशील नसलेला लेख परीक्षकांकडे पाठवला जाणार नाही.