टिक करण्याआधी

बुलढाण्याकडची गेम बनवणारी पोरं हल्ली बरीच भेटतात. कुणी शेगावच्या इंजिनियरिंग कॉलेजात, कुणी चिखलीत घरबसल्या व्हिडिओ बघून शिकतंय. बहुतेकांच्या लॅपटॉपवर गोदो हे गेम इंजिन असतं. 2014 पासून मुक्त स्रोत, फुकट आणि डाउनलोडही आटोपशीर. आणि पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, कुठले कुठले प्लगिन टाकू?"

माझं मत: आधी एकही नको.

थांबा, लगेच रागावू नका. लोणारचंच उदाहरण घ्या, कारण गेम करायचा म्हटलं की इथल्या माणसाला लोणार आठवणारच. विवराचा व्यास साधारण 1.8 किलोमीटर. नासाची उंचीची माहिती फुकट मिळते, साधारण दर 30 मीटरला एक आकडा. भागून बघा. 60 गुणिले 60, म्हणजे 3600 बिंदू. काठाबाहेरची जमीन धरून थोडे जास्त. एवढी जमीन उभी करायला पन्नास-साठ ओळींची स्क्रिप्ट पुरते. आणि आपण उतरवतो काय, तर अख्खा मुलूख उभा करणारं टेरेन प्लगिन! पावशेर वांगी आणायला ट्रक काढल्यासारखं.

बरं, खरंच लागलं तर? संवादांचा मोठा पसारा असलेला गेम आहे, त्यासाठी चांगलं तयार प्लगिन मिळतंय, तर जरूर घ्या. पण एक समजून घ्या. गोदोत प्लगिन टाकणं वेगळं आणि चालू करणं वेगळं. टाकणं म्हणजे त्याचा फोल्डर प्रोजेक्टमधल्या 'अ‍ॅडऑन्स' फोल्डरात ठेवणं. मग प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये प्लगिन्सचा टॅब उघडायचा आणि नावापुढे टिक करायची. (यादीत नावच दिसत नसेल तर झिप उघडताना फोल्डरात फोल्डर झालाय का ते आधी बघा.)

ही दुसरी पायरी अनेकांना कटकट वाटते. मला ती फार मोलाची वाटते. टिक करणं म्हणजे अनोळखी माणसाच्या हातात घराची किल्ली देणं. ते प्लगिन एडिटरच्या आत, तुमच्याच अधिकारानं चालतं. तुमच्या फाइली वाचेल, बदलेल, पुसेलसुद्धा. कंपनीत अशा वेळी बॅकअप हाताशी असतो. खामगावच्या पोराकडे एकच लॅपटॉप, तोही ताईच्या अभ्यासाचा. त्याची चार महिन्यांची मेहनत गेली की गेली.

आणि 'टिक केली नाही ना, मग काही होत नाही' असंही समजू नका. जीडीएक्स्टेंशन प्रकारची, म्हणजे आधीच कंपाइल केलेली लायब्ररी फोल्डरात असली तर एडिटर उघडतानाच लोड होते, टिक असो वा नसो. 'टूल' अशी खूण केलेली स्क्रिप्टही तिचा सीन एडिटरमध्ये उघडला की चालते. म्हणून विचार उतरवण्याआधीच करायचा. कोड वाचता येतोय का? शेवटचा बदल कधीचा? कुठल्या आवृत्तीसाठी आहे? गोदो 3 चं प्लगिन 4 मध्ये तसंच्या तसं चालत नाही.

जुने व्हिडिओ बघून जुनी औषधं घेणं हाही एक रोगच. गोदो 3 मध्ये देवनागरी नीट दिसत नसे. जोडाक्षरं तुटायची, पहिली वेलांटी भलतीकडेच जायची. 2023 च्या मार्चमध्ये गोदो 4 आलं आणि ते काम इंजिनच करू लागलं. देवनागरीचा फॉन्ट द्या, झालं. त्यासाठी वेगळा जुगाड नको.

तर माझे नियम साधे आहेत. टिक करण्याआधी गिटमध्ये कमिट करा. गिट येत नसेल तर प्रोजेक्टची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या. एका वेळी एकच प्लगिन चालू करा, म्हणजे बिघडलं तर कुणामुळे ते कळतं. काढायचं असेल तर आधी टिक काढा, मगच फोल्डर उडवा.

आणि हो, त्याच टॅबमध्ये नवीन प्लगिन बनवायचं बटण आहे. ते दाबून नाव वगैरे भरलं की गोदो एक छोटी माहितीची फाइल आणि एक रिकामी स्क्रिप्ट तयार करून देतं. लोणारच्या त्या साठ ओळी तिथे टाका. मग ज्याच्यापुढे तुम्ही टिक कराल ते पहिलं प्लगिन तुमचंच असेल, आणि त्यात काय आहे ते तुम्हाला ओळ न् ओळ ठाऊक असेल.

बघा, पटतंय का.