साथीपणाची कसोटी

संघटनेत खांद्याला खांदा लावून काम करणारी माणसे एकमेकांना कितपत ओळखतात, हा प्रश्न वरकरणी खाजगी वाटतो. वस्तुतः तो संघटनेच्या सामर्थ्याचा प्रश्न आहे. बैठकीत ठराव संमत होतो, कामे वाटली जातात, वर्गणीचा हिशेब होतो. परंतु ज्या साथीने काम अंगावर घेतले त्याच्या घरी आजारपण आहे, घरभाडे थकले आहे, हे शेजारी बसलेल्यालाही ठाऊक नसते. माणसाला केवळ श्रमशक्ती म्हणून मोजणे ही भांडवली व्यवस्थेची रीत. तीच रीत श्रमिकांच्या संघटनेत शिरली, तर लढायचे कशाच्या बळावर?

या संदर्भात जबलपूरचे एक उदाहरण मननीय आहे. तेथील राइट टाउनला लागून असलेल्या नेपियर टाउनमध्ये हिंदीतील थोर व्यंग्यलेखक हरिशंकर परसाई यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते. १९५६ मध्ये परसाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी जबलपुरातून ‘वसुधा’ हे मासिक सुरू केले. त्याच्या लेखकांत गजानन माधव मुक्तिबोध होते. मुक्तिबोध मराठीभाषक घरातले; त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र हे मराठीतील मार्क्सवादी कवी व समीक्षक. गजानन मात्र हिंदीत लिहीत. १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापकी मिळेपर्यंत शाळा, आकाशवाणी, वृत्तपत्र अशा नोकऱ्यांत त्यांची उमेद खर्ची पडत राहिली.

परसाई वयाने लहान, स्वभावाने निराळे, मातृभाषाही वेगळी. तरीही दोघांचे नाते दृढ झाले, कारण त्याला समान कामाचा पाया होता. ‘एक साहित्यिक की डायरी’ या पुस्तकातील बरेचसे लेख प्रथम ‘वसुधा’त छापले गेले. मित्राच्या गुणांची वाखाणणी कोणीही करतो. त्याच्या विचाराला पाने मोकळी करून देणे, हे सहकाऱ्याचे काम.

पुढे १९६२ मध्ये मुक्तिबोधांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली. फेब्रुवारी १९६४ मध्ये त्यांना पक्षाघात झाला. भोपाळचे हमीदिया रुग्णालय, त्यानंतर दिल्लीची आयुर्विज्ञान संस्था, या सर्व प्रवासात लेखकमित्र त्यांच्या पाठीशी उभे राहिले. भोपाळच्या रुग्णशय्येवरील मुक्तिबोधांचे चित्र परसाईंनी आपल्या आठवणींत रेखाटले आहे. ११ सप्टेंबर १९६४ रोजी मुक्तिबोध गेले. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला स्वतंत्र काव्यसंग्रह त्यांना स्वतःला पाहता आला नाही.

या घटनेचा बोध दुहेरी आहे. समान कार्यातून जुळलेले नाते संकटात तग धरते, हे खरे. पण शेवटी अनेकांनी केलेली धावपळ दहा वर्षे आधी झाली असती, तर तो संग्रह कवीच्या हाती पडला नसता काय? जिव्हाळा रुग्णशय्येपाशी जागा होण्याची वाट पाहत राहिला, तर तो उशिराच पोहोचतो.

म्हणून साथीपणाचे मोजमाप सुरळीत दिवसांतच झाले पाहिजे. शाखेच्या चिटणिसाला प्रत्येक सभासदाचे घर, पोट आणि अभ्यास यांची माहिती हवी. चुकीबद्दल साथीला तोंडावर स्पष्ट सांगावे, पाठीमागे त्याची बाजू राखावी. मात्र ही जवळीक कंपूबाजी होऊ नये. तिची दारे नव्या सभासदालाही तितकीच उघडी असावीत. अशा नात्यांनी बांधलेली संघटनाच दडपशाहीच्या काळात टिकते.